ब्रिटनचं इमिग्रेशन ट्रायब्युनल, कलम ११-ए आणि हायकोर्ट: आता नेमकं काय शिल्लक आहे?

घाटावरचा
अपील हरलं की ‘आता हायकोर्टात जाऊ’ असं इथे कोणी ना कोणी म्हणतंच. सल्लागारही म्हणतात, आणि त्याचे पैसेही घेतात. १४ जुलै २०२२ पासून बहुतेक इमिग्रेशन केसेसमध्ये तो रस्ताच राहिलेला नाही, म्हणून हा धागा. ब्रिटनपुरताच ठेवू या.

आधी पायऱ्या. गृहखात्याने अर्ज नाकारला आणि त्या नकारावर अपिलाचा हक्क असेल, तर प्रकरण फर्स्ट-टिअर ट्रायब्युनलच्या इमिग्रेशन अँड असायलम चेंबरकडे जातं. तिथे पुरावा तपासला जातो, साक्षी होतात. त्या निकालाविरुद्ध अप्पर ट्रायब्युनलकडे जाता येतं, पण फक्त कायद्याच्या चुकीवर, आणि परवानगी मिळाली तरच. परवानगी आधी फर्स्ट-टिअरकडेच मागायची. त्यांनी नाकारली तर अप्पर ट्रायब्युनलकडे नव्याने मागायची. अप्परनेही नाकारली, तर? धागा या शेवटच्या नकाराबद्दल आहे.

ही सगळी रचना २००७ च्या ट्रायब्युनल्स, कोर्ट्स अँड एन्फोर्समेंट ॲक्टची. या शेवटच्या नकारावर कोर्ट ऑफ अपीलकडे जायला त्याच कायद्याने मनाई केली होती. मग उरला जेआर, म्हणजे हायकोर्टाकडून न्यायिक पुनर्विलोकन. २०११ साली सुप्रीम कोर्टाने ‘कार्ट’ खटल्यात मधला मार्ग काढला: जेआर करता येईल, पण महत्त्वाचा तत्त्वाचा प्रश्न असला किंवा दुसरं तसंच सबळ कारण असलं तरच. (कार्ट हा खटला मुळात इमिग्रेशनचा नव्हताच, मुलांच्या पोटगीचा होता. त्याच्या जोडीला ऐकलेला एमआर (पाकिस्तान) हा इमिग्रेशनचा. पण पुढची दहा-अकरा वर्षं ‘कार्ट जेआर’ म्हटलं की बहुतेक वेळा इमिग्रेशनचीच केस असायची.)

२०२२ च्या ज्युडिशियल रिव्ह्यू अँड कोर्ट्स ॲक्टच्या कलम २ ने जुन्या कायद्यात ११-ए हे कलम घुसवलं. त्याचं सार असं: अप्पर ट्रायब्युनलने परवानगी नाकारली की तो निर्णय अंतिम. कोणत्याही दुसऱ्या कोर्टात त्याला आव्हान नाही. निर्णय घेताना चूक झाली म्हणून ट्रायब्युनलने अधिकार ओलांडले असं मानायचं नाही. इंग्लंड-वेल्स आणि उत्तर आयर्लंडची हायकोर्टं, स्कॉटलंडचं कोर्ट ऑफ सेशन, तिन्हींना हे लागू. (स्कॉटलंडमध्ये तिथल्या संसदेच्या अखत्यारीतले विषय सुटतात, पण इमिग्रेशन त्यात येत नाही.)

अपवाद तीन आहेत, आणि तिन्ही अरुंद आहेत. त्यांच्याकडे नंतर येतो.

पूर्वा_क
चांगला धागा. पहिल्यांदा एक गैरसमज बाजूला सारते, कारण ‘जेआर बंद झालं’ असं अर्धवट ऐकून लोक चालू असलेला मार्गही सोडून देतात.

स्किल्ड वर्कर, स्टुडंट, व्हिजिटर हे नकार अपिलात जातच नाहीत. २०१४ च्या इमिग्रेशन ॲक्टनंतर अपिलाचा हक्क मुख्यतः मानवी हक्कांचा दावा, संरक्षणाचा म्हणजे आश्रयाचा दावा, आणि दिलेलं संरक्षण काढून घेणं यांपुरताच उरला. स्किल्ड वर्करचा अर्ज नाकारला तर आधी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू, म्हणजे गृहखात्याकडूनच फेरतपासणी (देशात असाल तर १४ दिवस, बाहेर असाल तर २८, फी ८० पौंड). तिथेही काही झालं नाही तर जेआर. हा जेआर २०१३ च्या नोव्हेंबरपासून बहुतांशी अप्पर ट्रायब्युनलमध्येच चालतो. मुदत तीन महिने, पण ‘तत्परतेने’ अशी अटही सोबत आहे, त्यामुळे तीन महिने पुरते वापरायचे नसतात. व्हिजिटर व्हिसाला रिव्ह्यूही नाही, तिथे थेट जेआर किंवा नवा अर्ज. नवा अर्जच बहुतेक वेळा शहाणपणाचा. या कशालाही कलम ११-ए ने हात लावलेला नाही.

दुसरी गोष्ट: अप्पर ट्रायब्युनलने परवानगी दिली, सुनावणी झाली आणि मग अपील फेटाळलं, तर तो निकाल कोर्ट ऑफ अपीलकडे नेता येतो. निकष कडक आहे, पण मार्ग आहे. म्हणून हातात आलेल्या कागदावर आधी शीर्षक वाचा. ‘परवानगी नाकारली’ आणि ‘अपील फेटाळलं’ हे दोन वेगळे कागद आहेत, त्यांचे पुढचे रस्ते वेगळे आहेत, मुदतीही वेगळ्या आहेत. लोक दोन्हीला ‘अप्परने रिजेक्ट केलं’ म्हणतात आणि चुकीच्या रस्त्यावर दोन आठवडे घालवतात.

लेस्टरकर
आईवडिलांना इकडे आणण्याच्या केसेस यात कुठे बसतात? आपल्या मंडळींचा तोच मोठा प्रश्न आहे. अपील हरल्यावर हायकोर्ट नाही, मग सगळा जोर कुठे लावायचा?

पूर्वा_क
@लेस्टरकर, ॲडल्ट डिपेंडंट रिलेटिव्ह, म्हणजे अवलंबून असलेल्या प्रौढ नातेवाइकाच्या व्हिसाचा नकार मानवी हक्कांच्या दाव्याचा नकार धरला जातो, म्हणून अपील आहे. भारतात राहून अपील करायचं तर २८ दिवस. सुनावणीसह फी १४० पौंड, नुसत्या कागदांवर निर्णय हवा असेल तर ८०. साठ पौंड वाचवायला कागदावर जाऊ नका. या प्रकारात मुलामुलींची तोंडी साक्ष हाच अर्धा पुरावा असतो.

९ जुलै २०१२ पासूनचे नियम असे आहेत: वय, आजार किंवा अपंगत्वामुळे रोजच्या कामांसाठी दीर्घकाळ वैयक्तिक काळजी लागते, आणि मुलांनी पैसे दिले तरी ती काळजी राहत्या देशात मिळत नाही किंवा परवडत नाही, हे दोन्ही सिद्ध करायचं. गृहखात्याचं ठरलेलं उत्तर: पुण्या-मुंबईत पगारी नर्स मिळतात, मुलगा पैसे पाठवतो, प्रश्न संपला.

इथे २०१७ चा ब्रिटसिट्स खटल्याचा निकाल कामाचा आहे. कोर्ट ऑफ अपीलने नियम बेकायदा ठरवले नाहीत, पण ‘आवश्यक पातळीची’ काळजी म्हणजे फक्त अंघोळ घालणं आणि औषध देणं नव्हे, वैद्यकीय पुराव्याने दाखवलेली भावनिक आणि मानसिक गरजही त्यात धरायची, हे स्पष्ट केलं.

आता समजा, फर्स्ट-टिअरपुढे मनोविकारतज्ज्ञाचा अहवाल होता: आईला स्मृतिभ्रंश आहे, अनोळखी बाई घरात आली की ती जेवत नाही, औषध थुंकून टाकते, मुलीचा आवाज ऐकला की शांत होते. आणि निकालाच्या परिच्छेद ३१ मध्ये न्यायाधीशांनी एवढंच लिहिलं की ‘पुण्यात नर्सिंग सेवा उपलब्ध आहे’. अहवालाचा उल्लेखच नाही. ही कायद्याची चूक आहे. पण परवानगीच्या अर्जात ती कशी मांडता यावर सगळं ठरतं.

चुकीची मांडणी: ‘न्यायाधीशांनी आमचा पुरावा नीट विचारात घेतला नाही, निकाल अन्यायकारक आहे.’ हे वाचून परवानगी देणारा न्यायाधीश ‘निव्वळ मतभेद’ असं लिहितो आणि फाइल मिटवतो.

बरोबर मांडणी: अहवाल बंडलच्या अमुक पानावर आहे. वकिलांच्या लेखी युक्तिवादाच्या अमुक परिच्छेदात त्यावर भर होता. निकालाच्या परिच्छेद ३१ मध्ये किंवा इतरत्र कुठेही त्याचा विचार नाही. ब्रिटसिट्सनुसार तो करणं भाग होतं. आणि तो केला असता तर काळजीच्या ‘उपलब्धते’चा निष्कर्ष वेगळा निघू शकला असता. हे शेवटचं वाक्य लोक विसरतात. चूक नुसती असून भागत नाही, तिने निकालावर परिणाम होऊ शकत होता हेही दाखवावं लागतं.

मुदती: फर्स्ट-टिअरकडे परवानगीचा अर्ज लेखी कारणं पाठवल्यापासून १४ दिवसांत, अपीलकर्ता देशाबाहेर असेल तर २८. त्यांनी नाकारल्यावर अप्परकडे पुन्हा १४ दिवस, देशाबाहेर असेल तर एक महिना. दिवस ‘पाठवल्या’च्या तारखेपासून मोजतात, तुम्ही ईमेल उघडल्याच्या नाही. अप्परच्या नियमांत शेवटच्या दिवशी संध्याकाळी ५ ची वेळ आहे, रात्री बारा नाही.

आणि अप्परकडचा अर्ज म्हणजे आधीच्याच अर्जाची प्रत नव्हे. फर्स्ट-टिअरने परवानगी नाकारताना जी कारणं दिली त्यांना मुद्द्यागणिक उत्तर हवं. इमिग्रेशनमध्ये अप्परने कागदावर नाकारलं की तोंडी सुनावणी मागण्याचा हक्क नाही. म्हणजे ती चार-पाच पानं हाच तुमचा शेवटचा शब्द. पूर्वी त्यात ढिलाई राहिली तर कार्टखाली कधीतरी सावरता यायचं. आता नाही.

बखरवाला
थोडा इतिहास, कारण हे कलम एका रात्रीत आलेलं नाही.

‘कोर्टात आव्हान नाही’ असं कायद्यात लिहायचं आणि कोर्टांनी ते गोड बोलून निकामी करायचं हा इंग्लंडमधला जुना खेळ. अनिस्मिनिक खटला, १९६८ च्या डिसेंबरातला निकाल. फॉरिन कॉम्पेन्सेशन कमिशनच्या निर्णयावर कोर्टात प्रश्न उपस्थित करायचा नाही, असं कायद्यात साफ लिहिलेलं. हाउस ऑफ लॉर्ड्स (तेव्हा तेच सर्वोच्च न्यायालय) म्हणालं, कायद्याचा अर्थच चुकीचा लावून घेतलेला निर्णय हा मुळात निर्णयच नव्हे, मग त्याला संरक्षण कसलं? २०१९ मध्ये प्रायव्हसी इंटरनॅशनल खटल्यात सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने तीच वाट धरली.

मधे २००३-०४ मध्ये सरकारने आश्रयाच्या विधेयकात ट्रायब्युनलचे निर्णय जेआरमधून जवळजवळ पूर्णपणे काढून टाकणारं कलम घातलं होतं. लॉर्ड वुल्फ तेव्हा लॉर्ड चीफ जस्टिस होते. त्यांनीही जाहीर टीका केली, आणि सरकारला ते मागे घ्यावं लागलं.

२०२२ च्या कलमात ‘चूक झाली म्हणून अधिकार ओलांडला असं मानायचं नाही’ हे जे वाक्य आहे ना, ते थेट अनिस्मिनिकला उत्तर आहे. मसुदा लिहिणाऱ्याने मागचे निकाल समोर ठेवून एकेक फट बुजवली आहे. आणि अपवादही स्वतःच लिहून दिले, म्हणजे कोर्टाला नवे शोधायला निमित्त उरू नये.

शून्यमाध्यम
कलमाच्या समर्थनार्थ जी आकडेवारी फिरवली गेली तिच्याबद्दल बोलायलाच हवं.

सरकारने जेआरच्या आढाव्यासाठी नेमलेल्या, लॉर्ड फॉक्स यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मार्च २०२१ मध्ये म्हटलं की कार्ट जेआरच्या ५,५०२ प्रकरणांत फक्त १२ यशस्वी झाली, म्हणजे ०.२२ टक्के. वर्तमानपत्रांना आयता मथळा मिळाला. पण मोजलं कसं? प्रसिद्ध झालेली निकालपत्रं शोधली. अशी ४५ सापडली, त्यांतली १२ यशस्वी. १२ ला ५,५०२ ने भागलं. उरलेल्या पाच हजार चारशेच्या वर प्रकरणांचं काय झालं हे कोणी पाहिलंच नाही, ती सगळी ‘अपयशी’ म्हणून धरली.

गंमत पुढे आहे. सिव्हिल प्रोसीजर रूल्सच्या ५४.७ए मध्ये कार्ट जेआरसाठी खास पद्धत होती. अर्ज अप्परचा नकार पाठवल्यापासून १६ दिवसांत. निर्णय फक्त कागदावर. आणि हायकोर्टाने परवानगी दिली की १४ दिवसांत अप्पर ट्रायब्युनल किंवा गृहखातं यांपैकी कोणी सुनावणी मागितली नाही, तर अप्परचा नकार सुनावणीविना रद्द. म्हणजे जिंकलेल्या केसमध्ये बहुधा निकालपत्र लिहिलंच जात नव्हतं! जी शोधपद्धत फक्त निकालपत्रं मोजते तिला यश दिसणारच कसं? टीका झाल्यावर सरकारने स्वतःचा अंदाज सुमारे ३.४ टक्क्यांवर नेला. म्हणजे पंधरापट. आणि कायदा तरीही पुढे गेला.

कडुलिंब
शून्यमाध्यम यांचं गणित बरोबर आहे, पण ३.४ टक्के धरूनही मला हे कलम चुकीचं वाटत नाही. वर्षाला सुमारे ७५० कार्ट अर्ज येत होते. सरकारी अंदाजाने हायकोर्टाच्या न्यायाधीशांचे वर्षाचे १८० दिवस त्यात जात होते. तीन न्यायाधीशांनी (फर्स्ट-टिअरचा निकाल देणारा, तिथे परवानगी नाकारणारा, अप्परमध्ये नाकारणारा) पाहिलेली केस चौथ्याने पुन्हा का पाहायची? दुसऱ्या कुठल्या दिवाणी दाव्यात एवढ्या संधी मिळतात? आणि अप्पर ट्रायब्युनल म्हणजे काही तालुक्याची कचेरी नव्हे, कायद्यानेच ते ‘सुपीरिअर कोर्ट ऑफ रेकॉर्ड’, म्हणजे वरिष्ठ दर्जाचं कोर्ट आहे. तिथे हायकोर्टाचे न्यायाधीशही बसतात.

शून्यमाध्यम
@कडुलिंब, दिवाणी दावा हरला तर पैसे जातात. आश्रयाची केस चुकीने हरली तर माणूस छळाच्या तोंडी परत पाठवला जातो. हजारात तीस-पस्तीस ही चूक तेव्हा लहान राहत नाही. शिवाय तीन न्यायाधीशांनी ‘पाहिली’ म्हणता, त्यातल्या एकानेच साक्षी ऐकल्या, उरलेल्या दोघांनी कागद पाहिला.

कडुलिंब
तोच तर माझा मुद्दा आहे. चौथाही कागदच पाहत होता. आणि १८० दिवस वाचले तर दुसऱ्या कोणाची तरी केस लवकर लागते, तेही हक्कच आहेत. आपलं यावर एकमत होणार नाही, राहू दे.

हुतात्मा_चौक
भारतातल्या वकिलाला हे वाचून चमत्कारिक वाटतं. आपल्याकडे १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालात सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने ठरवलं की अनुच्छेद २२६ आणि २२७ खालचा उच्च न्यायालयांचा आणि ३२ खालचा सर्वोच्च न्यायालयाचा पुनर्विलोकनाचा अधिकार हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे. संसदेला घटनादुरुस्ती करूनही तो काढता येत नाही. ट्रायब्युनल नेमा, पण त्यावर उच्च न्यायालयाचं खंडपीठ राहणारच. आसाममधल्या फॉरिनर्स ट्रायब्युनलच्या निकालावर कायद्यात अपील दिलेलं नाही, पण गुवाहाटी उच्च न्यायालयात रिट जातंच.

ब्रिटनमध्ये लिखित घटना नाही, संसद सार्वभौम. त्यामुळे तिथे प्रश्न ‘संसदेला हे करता येतं का’ असा नसून ‘संसदेने पुरेशा स्पष्ट शब्दांत केलं आहे का’ असा येतो. ११-ए मधले शब्द स्पष्ट आहेत. तिथेच बाजू पडली.

न्यू_जर्सीकर
धागा ब्रिटनपुरता आहे, पण एक समांतर उदाहरण देतो, कारण अमेरिकेत बंधन वेगळ्या ठिकाणी घातलंय आणि फरक शिकण्यासारखा आहे. इथे शेवटच्या आदेशाविरुद्ध सर्किट कोर्टात, म्हणजे संघीय अपील न्यायालयात, ३० दिवसांत याचिका करता येते. पण ग्रीन कार्डसारख्या विवेकाधीन सवलतींत तथ्यांचे निष्कर्ष कोर्ट तपासत नाही, फक्त कायद्याचे आणि घटनेचे प्रश्न तपासतं.

पटेल विरुद्ध गारलंड, मे २०२२. जॉर्जियात ड्रायव्हिंग लायसन्सच्या फॉर्मवर ‘मी अमेरिकन नागरिक आहे’ या चौकोनात खूण. चुकून झाली असं अर्जदाराचं म्हणणं, मुद्दाम केली असं इमिग्रेशन जजचं. सुप्रीम कोर्ट ५ विरुद्ध ४: ते चुकून की मुद्दाम हे तथ्य आहे, आम्ही बघणार नाही, निष्कर्ष उघड चुकीचा असला तरी. उलट २०२४ मध्ये विल्किन्सन खटल्यात कोर्ट म्हणालं, सिद्ध झालेल्या तथ्यांना ‘असाधारण हालअपेष्टां’चा कायदेशीर निकष लावणं हा कायद्याचा प्रश्न, तो तपासता येतो. म्हणजे दोन्ही देशांत वकिलाचं कौशल्य एकच: गाऱ्हाणं तथ्याचं न राहता कायद्याचं म्हणून उभं करणं.

घाटावरचा
हो, फक्त ब्रिटनमध्ये ते कौशल्य अप्परच्या परवानगीच्या अर्जापर्यंतच चालतं. त्यानंतर कायद्याची चूकही चालत नाही, हे ११-ए चं वैशिष्ट्य.

आता अपवाद. हायकोर्टात जाता येतं ते फक्त या प्रश्नांवर:

एक, अप्परपुढे वैध अर्ज होता का. दोन, अर्जावर निर्णय देणारं ट्रायब्युनल योग्य रीतीने गठित होतं का. तीन, अप्परने दुष्ट हेतूने निर्णय दिला का, किंवा कार्यपद्धतीत इतका गंभीर दोष होता का की नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांचा मूलभूत भंग व्हावा.

पहिले दोन फारसे कोणाच्या कामाचे नाहीत. सगळे जण तिसऱ्याकडे धावतात, आणि तिथे दोन ठिकाणी अडखळतात.

पहिलं: दोष अप्परच्या कार्यपद्धतीत हवा. फर्स्ट-टिअरच्या न्यायाधीशाने साक्षीदाराला बोलू दिलं नाही, दुभाषा चुकीच्या बोलीचा होता, ऐनवेळी आलेल्या कागदाला उत्तर द्यायला वेळ दिला नाही, हे सगळं खरं असलं तरी ते अप्परकडच्या अर्जात मांडायचे मुद्दे आहेत. अप्परने ते वाचून ‘नाही’ म्हटलं, तर त्याने चुकीचं म्हटलं असेल, पण नैसर्गिक न्याय मोडला असं होत नाही. २०२३ मध्ये ओशिआना खटल्यात न्यायमूर्ती सैनी यांनी कलम आहे तसं लागू केलं. संसदेने स्पष्ट भाषेत अधिकार काढला असेल तर कोर्ट तो परत आणणार नाही, असा त्याचा रोख. त्याच वर्षी एलए (अल्बेनिया) मध्ये कोर्ट ऑफ अपीलनेही कलमाला पूर्ण वजन दिलं. ‘अपवादाचा प्रश्न आहे’ असं नुसतं लिहून चालणार नाही, तो प्रश्न खरोखर वाद घालण्याजोगा हवा.

दुसरं: ‘मूलभूत’ हा शब्द. कारणं तोकडी आहेत, एका मुद्द्याला उत्तर नाही, एवढ्याने तिथवर पोचत नाही. निर्णय देणाऱ्याचे केसमध्ये हितसंबंध होते, किंवा अर्जदाराचं म्हणणं न वाचताच निकाल दिला, या जातीचं काहीतरी लागतं.

शेवटच्या प्रकारात आधी अप्परच्याच नियम ४३ कडे बघा. कागद पाठवला पण फाइलला लागला नाही, तो न पाहता निर्णय झाला, अशा कार्यपद्धतीच्या गडबडीवर अप्पर स्वतःचा निर्णय बाजूला ठेवू शकतं. हायकोर्टापेक्षा स्वस्त आणि सरळ. पोच पावती किंवा ईमेलची वेळ जोडावी, आणि अर्ज त्याच आठवड्यात करावा.

लेस्टरकर
म्हणजे सल्लागार ‘हायकोर्टात टाकू, चार-पाच हजार पौंड लागतील’ म्हणाला तर?

पूर्वा_क
तर त्याला लेखी विचारा: कलम ११-ए च्या कुठल्या अपवादाखाली, आणि अप्परच्या कुठल्या कृतीवर? एका परिच्छेदात उत्तर आलं नाही तर पैसे देऊ नका. तो सॉलिसिटर किंवा बॅरिस्टर नसेल तर इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदणी तपासा (जानेवारी २०२५ पर्यंत हिचं नाव ओआयएससी होतं). नोंदणी किंवा तशी पात्रता नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं तिथे गुन्हा आहे. निरर्थक जेआर टाकणाऱ्या वकिलांना कोर्ट ‘हमीद’ खटल्याच्या पद्धतीने बोलावून जाबही विचारतं. पण तोवर तुमचे पैसे गेलेले असतात.

कोकणकडा
एक व्यावहारिक शंका. अपील चालू असेपर्यंत काम करता येतं, कलम ३-सी मुळे. अप्परने परवानगी नाकारली त्या दिवशी काय होतं? आणि जेआर टाकलं तर ३-सी पुढे चालू राहतं का?

पूर्वा_क
नाही. १९७१ च्या इमिग्रेशन ॲक्टचं कलम ३-सी जुना मुक्काम पुढे ओढतं, तो मुदतीत केलेला अर्ज आणि त्यावरचं अपील प्रलंबित असेपर्यंत. अप्परने परवानगी नाकारली की अपील संपलं. जेआर हे अपील नव्हे, कार्टच्या काळातही त्याने ३-सी चालू राहत नव्हतं. नोकरीचा हक्क, घर भाड्याने घेण्याचा हक्क, दोन्ही तिथेच थांबतात. मालकाने काढून टाकलं तर त्याची चूक नाही.

नवा अर्ज करायचा असेल तर ३-सी संपल्यापासून १४ दिवसांत, म्हणजे मधला काळ ओव्हरस्टे म्हणून आड येत नाही, अर्थात त्या मार्गाच्या बाकी अटी पुऱ्या होत असतील तर. म्हणून अप्परकडे अर्ज टाकल्या दिवसापासूनच पर्यायी अर्जाचे कागद जमवायला घ्या. नकार आल्यावर सुरुवात केली तर १४ दिवस पुरत नाहीत. इंग्रजीची परीक्षा, बँकेची सहा महिन्यांची स्टेटमेंट्स, मालकाचं पत्र, सगळं वेळ खातं. जोडीदाराच्या मार्गावर असाल तर उत्पन्नाची अट ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांना २९,००० पौंड झाली आहे. आधीपासून त्याच मार्गावर, त्याच जोडीदारासोबत असाल तर जुनी १८,६०० ची अट लागू राहते का ते पहिल्यांदा तपासा.

आश्रयाच्या केसमध्ये ‘फर्दर सबमिशन्स’, म्हणजे नवी सामग्री देऊन दावा पुन्हा मांडणं, हा मार्ग आहे, इमिग्रेशन नियमांचा परिच्छेद ३५३. नवी सामग्री पूर्वी विचारात न घेतलेली हवी, आणि जुन्या सामग्रीसोबत धरली तर दुसऱ्या न्यायाधीशापुढे यश मिळण्याची वास्तव शक्यता हवी. गृहखात्याने ‘हा नवा दावा नाही’ म्हटलं तर त्यावर जेआर होतो, आणि तो ११-ए च्या बाहेरचा आहे.

बखरवाला
यात देवसीलन विसरू नका. २००२ चा निकाल. पुढच्या अपिलात नवा न्यायाधीश जुन्या न्यायाधीशाच्या निष्कर्षांपासून सुरुवात करतो. आधीच्या निकालात ‘अर्जदार विश्वासार्ह नाही’ असं लिहिलं गेलं असेल तर ते वाक्य पुढच्या प्रत्येक अर्जात सोबत येतं. आधी देता आला असता पण दिला नाही, असा पुरावा नंतर आणला तर त्याकडे संशयानेच पाहतात.

कोकणकडा
स्ट्रासबर्ग?

घाटावरचा
युरोपियन मानवी हक्क न्यायालयात जाता येतं, ब्रेक्झिटचा त्याच्याशी संबंध नाही. देशातला शेवटचा परिणामकारक निर्णय झाल्यापासून चार महिने. १ फेब्रुवारी २०२२ पूर्वी सहा होते. आता बहुतेक केसेसमध्ये तो शेवटचा निर्णय म्हणजे अप्परचा परवानगी नाकारण्याचा कागद. अपवादात न बसणारा जेआर टाकून त्याच्या निकालाची वाट पाहत बसलात, तर चार महिने आधीच्याच तारखेपासून मोजले जाण्याचा धोका आहे. तातडीच्या अंतरिम आदेशासाठी नियम ३९ चा वेगळा अर्ज असतो. तो मुख्यतः परत पाठवल्यास जिवाला किंवा शरीराला भरून न येणारी इजा होईल अशा केसेसपुरता. आईवडिलांच्या व्हिसाला त्याचा उपयोग नाही.